अर्ध्या सुटीतली कादंबरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत एका नव्या मराठी कादंबरीचे परीक्षण प्रसिद्ध झाले आहे. घटस्फोट झालेली, नऊ वर्षांच्या मुलाची आई असलेली ठाण्यातील एक नोकरदार स्त्री मे महिन्याच्या सुटीत दापोलीजवळ मुरुडच्या समुद्रकाठी एका घरगुती निवासात आठ दिवस राहायला जाते आणि तिथे तिचे मन पुन्हा कोणावर तरी जडते, अशी ती गोष्ट आहे. परीक्षणकर्त्यांनी या कादंबरीला ‘पळपुटी’ ठरवले आहे. भाषा सैल आहे आणि योगायोग फार आहेत, हे त्यांचे आक्षेप मला मान्य आहेत. त्यांत माझ्याकडून आणखी एकाची भर घालते. आदल्या रात्री मनात आले आणि दुसऱ्या दिवशीच्या कोकणच्या गाडीत, तेही मे महिन्यात, खिडकीची जागा मिळाली, याच्या तुलनेत ते समुद्रकाठचे प्रेम मला अगदीच शक्य कोटीतले वाटले. परंतु ‘मुलाला मागे ठेवून एकटीने सुटीवर जाणारी आई आपल्या समाजात आढळत नाही, ही उसनी पाश्चात्त्य कल्पना आहे’ असे जे विधान परीक्षणात ओघात येऊन गेले आहे, ते वस्तुस्थितीला धरून नाही आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली. असा घटस्फोट घेताना पती-पत्नी संमतीच्या अटी लिहून न्यायालयापुढे ठेवतात आणि मूल असेल तर त्याचा ताबा कोणाकडे, दुसऱ्या पालकाला ते कधी व किती वेळ भेटेल, हेही त्यांत येते. ताबा आईकडे असला तर बहुधा एक आड एक शनिवार-रविवार वडिलांकडे आणि दिवाळीची व उन्हाळ्याची सुटी दोघांत अर्धी-अर्धी, अशी वाटणी ठरते. घर, दागिने, बँकेतील ठेवी यांच्या वाटणीविषयी सगळे बोलतात. सुटीच्या वाटणीविषयी कोणी बोलत नाही. मे महिन्याचा उत्तरार्ध वडिलांचा असेल तर त्या दिवशी मुलाला पाठवणे हे आईच्या मर्जीवर राहत नाही; तिने पाठवले नाही तर तो आदेशाचा भंग होतो. म्हणजे परीक्षणकर्त्यांना जी आई मुलाला मागे टाकून निघालेली दिसते, ती वास्तवात बहुतेक वेळा मूल निघून गेल्यावर घरात मागे राहिलेली असते.

हे मी ऐकीव सांगत नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी माझ्या आठ वर्षांच्या मुलीला तिच्या वडिलांबरोबर ठाणे स्थानकावर सकाळच्या पुण्याच्या गाडीत बसवून मी नौपाड्यातल्या घरी परत आले, तेव्हा वाटेत सवयीने एक लिटर दूध घेतले होते. मुलीला सुटी म्हणून मी रजाही टाकली होती, तीसुद्धा सवयीनेच. अर्ज लिहिताना ती या पंधरवड्यात घरी नसणार हे मला ठाऊक होते आणि तरीही हात लिहीत गेला. संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. मे महिन्यात तिथे एकट्या बाईने बसून पाहावे म्हणजे कळेल, की होड्या, भेळ, फुगे, सारे काही कोणाचा तरी हात धरून आलेल्यांसाठीच असते. रात्री फोनवर मुलगी आनंदात होती. ती आनंदात आहे याचे समाधान वाटले आणि त्याच क्षणी, माझ्याशिवाय ती इतकी आनंदात कशी, असेही वाटले. त्या वाटण्याची लाज तिसऱ्या दिवसापर्यंत पुरली. चौथ्या दिवशी मी आमच्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले आणि कादंबऱ्या आणून वाचत सुटले. घटस्फोटित स्त्री ज्यांत होती, त्यांत ती एकतर उद्ध्वस्त होती नाहीतर बाणेदार. शिल्लक राहिलेल्या दुधाचे काय करावे, हा प्रश्न पडलेली एकही नव्हती. त्यानंतरच्या सुट्यांत मला कोणी भेटले की नाही, हा या पत्राचा विषय नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की मूल असलेल्या घटस्फोटित स्त्रीच्या आयुष्यात प्रेमाला जागा व्हायचीच असेल, तर ती या वाटून मिळालेल्या सुटीतच होण्याचा संभव अधिक. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत डबा, शाळेची बस, सात चाळीसची लोकल आणि गृहपाठ यांतून तिला नवे माणूस नीट पाहायलाही उसंत मिळत नाही. सुटीतील प्रणयकथा हा प्रकार इतर नायिकांच्या बाबतीत पळपुटा असेल. या नायिकेच्या बाबतीत मात्र तोच वास्तवाला सर्वांत जवळचा आहे.

खेद याचा वाटतो, की हे लेखिकेच्याही लक्षात आलेले नाही. तिने मुलाला मामाकडे पाठवून दिले आहे. मामाकडे गेलेले मूल कथेतून सोयीने बाहेर जाते; बाबांकडे गेलेले मूल कथेतून बाहेर जाऊच शकत नाही. रोज रात्री नऊच्या फोनवर त्या घरातले आवाज मागून ऐकू येतात, कोणी तरी त्याला जेवायला हाक मारते आणि ही हाक कोणाची, हा प्रश्न विचारायचा नसतो. निवासाचा मालक ओटीवर बसून सहज विचारतो, ‘मुलगा कुठे असतो?’ ‘त्याच्या बाबांकडे गेलाय’ एवढ्या उत्तरात तिचा सगळा भूतकाळ त्याच्यापुढे मांडला गेला असता. त्याऐवजी लेखिकेने तो सांगण्यासाठी अकरा पानांचे स्वगत खर्ची घातले आहे, तेही भरतीच्या वेळी, गुडघाभर पाण्यात उभे राहून.

उसनेपणाच्या आरोपाविषयीही थोडे लिहिले पाहिजे. मराठीतील पहिली मानली जाणारी कादंबरी, बाबा पदमनजी यांची १८५७ सालची ‘यमुनापर्यटन’, हिच्या नावातच प्रवास आहे. नायिका नवऱ्याबरोबर हिंडते, ठिकठिकाणी विधवांची दुःखे पाहते, पुढे स्वतः विधवा होते आणि अखेर ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. पदमनजींचा हेतू धर्मप्रसाराचा होता, प्रणय रंगवण्याचा नव्हता, हे उघड आहे. तरीही बाहेर पडलेली स्त्री आणि तिचे दुसरे लग्न या दोन गोष्टी आपल्या कादंबरीच्या उंबरठ्यावरच एकत्र आलेल्या आहेत. कादंबरीबाहेर पाहिले तर अनेक शेतकरी व कारागीर जातींत काडी मोडून फारकत घेण्याची आणि नंतर पाट लावण्याची रीत कायद्याच्या कितीतरी आधीपासून होती, जरी तो पाट बहुधा रात्री, गाजावाजा न करता लागत असे. बडोदे संस्थानाने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ साली केला, मुंबई प्रांताने १९४७ साली केला आणि देशभराचा कायदा १९५५ साली आला. त्या कायद्यातही १९७६ पर्यंत घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतर वर्षभर थांबल्याशिवाय दुसरे लग्न करता येत नसे. ती अट आता नाही, अपिलाची मुदत संपली की दोघेही मोकळे असतात. इतका इतिहास ज्या गोष्टीला आहे ती उसनी कशी म्हणावी?

आणि कादंबरी घडते ते मुरुड! ज्या १८९३ साली आमचे ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, त्याच साली धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरुड या त्यांच्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. आज त्या गावाला कर्व्यांचा अभिमान आहे. नायिका रोज सकाळी ज्या किनाऱ्यावर फिरते, त्या गावात दुसऱ्या लग्नाची किंमत एकेकाळी काय मोजावी लागली होती, हे तिला कोणी एका वाक्यानेही सांगत नाही. निवासाच्या न्याहारीचे वर्णन मात्र तीन वेळा आहे. घावने चांगले जमले आहेत, हे मान्य करते.

परीक्षणकर्त्यांना नायकाविषयी काहीच म्हणायचे नाही, याचे आश्चर्य वाटले. तो विधुर आहे, निपुत्रिक आहे, स्वयंपाक करतो आणि कधी रागावत नाही. लेखिकेने त्याला विधुर का केले असावे? माझ्या मते घटस्फोटित नायक ठेवला असता तर वाचकाने ‘चूक कोणाची होती?’ असे विचारले असते, आणि एका कथेत असे दोन खुलासे तिला नको होते. हा संकोच तिचा एकटीचा नाही. आपल्याच दैनिकातील वधू-वर स्तंभात दर आठवड्याला ‘निर्दोष घटस्फोटित’, ‘नाममात्र विवाह’, ‘विनापत्य’ असे शब्द छापून येतात. लग्न मोडलेल्या माणसाने आधी निर्दोष सुटावे लागते आणि मग स्थळ म्हणून उभे राहावे लागते. दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्या पुरुषासाठी भाषेने ‘बिजवर’ हा शब्द राखून ठेवला आहे, थोडा चेष्टेचा असला तरी चारचौघांत उच्चारता येणारा. स्त्रीसाठी ‘पाटाची बायको’ होता आणि तो कोणत्या स्वरात म्हटला जात असे, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते, कारण ही कादंबरी अशा परिस्थितीतील स्त्रिया वाचतील. ‘दुसरे लग्न केलेस तर मुलगा हातचा जाईल’ असे नायिकेची मैत्रीण तिला बजावते आणि त्या भीतीत पुढची चाळीस पाने जातात. ही भीती खरी आहे, माझ्या परिचयातील किमान दोघींनी तिच्यापायी ठरत आलेले लग्न सोडून दिले. पण तिचा आधार चुकीचा आहे. आईने पुनर्विवाह केला एवढ्याच कारणावरून तिच्याकडून मुलाचा ताबा काढून घेतला जात नाही. न्यायालय मुलाचे हित पाहते आणि त्यात नव्या घरातील वातावरणाचाही विचार होतो. नायिकेने आठ दिवसांत एकदा वकिलाला फोन केला असता तर ती चाळीस पाने टळली असती आणि त्या जागी खरी अडचण लिहिता आली असती: मुलाला हे कोणी सांगायचे, केव्हा, आणि त्याच्या बाबांना ते मुलाकडून कळण्याआधी की नंतर.

कादंबरी खेड स्थानकाच्या फलाटावर, दोघांनी एकाच गाडीत चढताना संपते. परीक्षणकर्त्यांना हा शेवट फार गोड वाटला; मला तो लवकर झालेला वाटला. गाडी ठाण्याला पोहोचते तेव्हा रविवारची संध्याकाळ झालेली असणार, मामाकडे नव्हे तर बाबांकडे गेलेला, माझ्या मनातला मुलगा सहा वाजता दप्तर आणि कपड्यांची पिशवी घेऊन फलाटावर येणार, त्याचा हात त्याच्या बाबांच्या हातात असणार आणि हिच्या शेजारी कोकणातून आलेला एक अनोळखी माणूस आंब्यांची पेटी घेऊन उभा असणार. त्याने पुढे व्हायचे, की जिन्यापाशीच थांबायचे? लेखिकेने पुढचा भाग लिहायला घेतला, तर ग्रंथसंग्रहालयात त्यासाठी मी आताच नाव नोंदवून ठेवते.

आपली विश्वासू,
एक वाचक, नौपाडा, ठाणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)