हिंगाची डबी वाचणाऱ्या दादांना

नमस्कार दादा,

तुमचं नाव आणि खानावळीचा पत्ता इथे देत नाही. दुपारी तुमच्याकडे आधीच नंबर लावावा लागतो. आणखी गर्दी झाली तर तुम्हीच माझ्यावर वैतागाल. सदाशिव पेठेतल्या जेवणाऱ्यांनी ओळखलं, तर ओळखू देत.

माझ्या लेकीला सीलिअ‍ॅक आहे. गहू किंवा जवातलं ग्लुटेन पोटात गेलं की तिची प्रतिकारशक्ती तिच्याच लहान आतड्यावर उलटते. यावर गोळी नाही, जन्मभर पथ्य एवढंच. आणि ते नुसतं ‘पोळी नको, भात चालेल’ असंही नाही. कणकेच्या हातानं वाढलेला भातसुद्धा चालत नाही. हॉटेलात हे सांगितलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर: “काही होत नाही हो ताई, बिनधास्त खा.” तव्यावर आत्ताच रवा डोसा झालेला असतो. साबुदाणा वडे त्याच कढईत, जिच्यात सकाळपासून समोसे तळलेत. (कढई वेगळी असली तर उपवासाचे पदार्थ हा आमचा मोठा आधार. भगर, राजगिरा, साबुदाणा, शिवाय हिंग नाही. एकादशीची वाट आमच्या घरी देवापेक्षा लेकीसाठी बघतात.)

तुम्ही पहिल्या दिवशी आम्हाला चक्क जेवायला नाही म्हणालात, त्याचे आभार आधी. मी पिठलं-भाकरी मागितली होती. तुम्ही गल्ल्यावरून उठून भटारखान्यात गेलात, हिंगाची डबी घेऊन आलात, चष्मा लावून त्यावरची बारीक अक्षरं वाचलीत आणि म्हणालात, “यात मैदा आहे. पिठलं, आमटी, भाजी, सगळीकडे हाच हिंग. भाकरीचं पीठही गिरणीत गव्हावर दळलेलं. आज पोरीला मी फक्त दही देतो.”

नुसता हिंग फार उग्र असतो, म्हणून बाजारातल्या डबीत डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचंच. आहारतज्ज्ञ बाईंनी मला हे बजावून सांगितलं होतं; हॉटेलवाल्यानं स्वतः शोधून सांगितलेलं मात्र तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. खरं सांगते, त्या नकाराने मला जेवढं हायसं वाटलं तेवढं कुठल्या होकाराने वाटलं नव्हतं.

पुढचं सगळं तुम्ही न मागता केलंत. तांदळाच्या पिठाचा हिंग शोधून आणलात. वहिनी आता घरघंटीवर आमच्यापुरती ज्वारी दळतात आणि त्या घरघंटीत गहू जाऊ देत नाहीत. “मग घरच्या पोळ्यांचं काय?” असं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, “खानावळीतल्याच खातो, नाहीतरी उरतात.” भाकरीला परात वेगळी, तवा वेगळा. सकाळी फोन केला की पिठल्याची फोडणी वेगळ्या कढईत पडते.

मेनूवर अ‍ॅलर्जीची माहिती देण्याचा नियम आपल्याकडे आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तो २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत घातला, पण तो केंद्रीय परवाना असलेल्या किंवा १० आणि त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांसाठी. तुमच्या खोलीभर खानावळीला तो लागूच नाही. मोठ्या ठिकाणी मेनूवर खूण असते हे खरं, पण पोळीचा चिमटा भाकरीला लावला का, हे ती खूण सांगत नाही. तुमचा वाढपी मुलगा सांगतो. एकदा त्यानं भाजीची पळी चुकून पोळीच्या ताटाला टेकवली आणि मी काही बोलायच्या आत वाटी परत नेली. त्याचंही कौतुक करा. पगारातही दिसू द्या.

आता एक तक्रार. एवढं करून तुम्ही बिल साध्या थाळीचंच लावता. तो हिंग महाग आहे, मी दुकानात किंमत बघितली आहे. यापुढे जास्त लावा, नाहीतर मी गल्ल्यावर ठेवून निघून जाईन आणि तुम्ही मागे धावत याल, ते बरं दिसणार नाही.

आणि रविवारी आम्ही सातजण येतोय. लेकीची आत्या नागपूरहून आली आहे, तिला पोळी लागते. भाकरी आधी वाढा, पोळ्या मागाहून आणा, आणि आत्याला लेकीच्या ताटातला घास घेऊ देऊ नका. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल.

तुमची,
कोपऱ्यातल्या टेबलावरची ताई