‘क्रॅक’चे अर्थ मुलखागणिक निराळे

महोदय,

प्रवेश परीक्षांचे निकाल लागले की ‘अमुक विद्यार्थ्याने जेईई क्रॅक केली’ अशी वाक्ये मराठी वृत्तपत्रांतही छापून येतात आणि भाषा बिघडल्याची तक्रार सुरू होते. ही तक्रार मला पटत नाही. गुप्त लिपी उलगडणे किंवा तिजोरी उघडणे यासाठी इंग्रजीत हे क्रियापद रुळलेलेच आहे. आपल्याकडच्या क्लासवाल्यांनी ते परीक्षेला लावले, इतकेच. उलट त्याचे शब्दशः मराठीकरण करून ‘परीक्षा फोडली’ असे छापले, तर त्या विद्यार्थ्याच्या दारात पेढ्यांऐवजी पोलीस यायचे, कारण पेपर फोडणे हा आपल्याकडे गुन्हा आहे.

खरी अडचण अशी की, शाळेत पाठ केलेले ‘तडा’ आणि ‘भेग’ हे अर्थ या शब्दाच्या बोलीतील रूपांपाशी फारसे कामाला येत नाहीत. आयर्लंडमध्ये ‘व्हॉट्स द क्रॅक?’ म्हणजे ‘काय, विशेष काय?’ आणि एखाद्या बैठकीत ‘क्रॅक’ चांगला होता म्हणजे गप्पा रंगल्या, मजा आली. गंमत म्हणजे हा शब्द मूळचा आयरिश नव्हेच. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलींतून तो आयर्लंड बेटाच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतामार्गे तिथे पोहोचला आणि पुढे त्याला आयरिश वळणाचे स्पेलिंग चढवले गेले, जे तिथल्याही काही भाषाप्रेमींना खटकते. ‘हॅव अ क्रॅक’ म्हणजे प्रयत्न करून पाहणे. ब्रिटनमध्ये वेडगळ माणसाला ‘क्रॅकर्स’ म्हणतात, आणि ‘तो जरा क्रॅकच आहे’ हे आपले वाक्य त्याच कुळातले. ‘चक्रम’ शब्द असूनही ते आपण सहज बोलतो.

अमेरिकेत मात्र याच शब्दाला एक कटू इतिहास आहे. तापवताना तडतडणाऱ्या कोकेनच्या खड्यांना तिथे १९८०च्या दशकात ‘क्रॅक’ हे नाव पडले. १९८६च्या संघीय कायद्याने अवघ्या ५ ग्रॅम क्रॅकला जी किमान पाच वर्षांची कैद ठरवली, ती भुकटीच्या कोकेनला ५०० ग्रॅमपाशी लागू होत होती. रसायन मूलतः एकच असूनही हा शंभरपट भेद प्रामुख्याने कृष्णवर्णीयांना भोवला. २०१०मध्ये क्रॅकची मर्यादा २८ ग्रॅम झाली, म्हणजे भेद घटला, पण संपला नाही. त्यामुळे डब्लिनमध्ये ज्या शब्दाने गप्पा सुरू होतात, तोच शब्द अमेरिकेत अनोळखी माणसापुढे सैलपणे वापरलेला बरा नव्हे.

म्हणून कोशकारांनी अशा शब्दांपुढे अर्थाबरोबर मुलूखही नोंदवावा. आपल्या वृत्तसंपादकांनाही एक विनंती आहे: परदेशी बातमीचे भाषांतर करताना नुसते ‘क्रॅक’ न छापता अमली पदार्थ असेल तिथे ‘क्रॅक कोकेन’ असे पूर्ण छापावे; ‘जेईई क्रॅक’ला माझी हरकत नाही.

आपला,
एक वाचक, पुणे