इसार देण्याआधी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो काल दुकान बंद केल्यावर मी आणि बाबांनी मोठे करकरून पाहिले. हिरो होंडाची सीबीझेड मोटरसायकलच आहे, आणि पहिल्या बनावटीची. सायलेन्सर मूळचा दिसतोय, साइड पॅनेल शाबूत आहेत, टाकीला कुठे पोचा नाही. तुझा जीव तिच्यात अडकलाय हे तुझ्या आवाजावरूनच कळलं. घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण इसार देण्याआधी हे पत्र पूर्ण वाच. फोनवर तू मध्येच "अगं पण आई" म्हणतेस आणि माझं निम्मं सांगायचं राहून जातं.

गाडी ज्यांच्या नावावर आहे ते काका आता हयात नाहीत, विकणारा त्यांचा मुलगा आहे, असं तू ओझरतं बोललीस. माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट तीच. आधी त्या मुलानं फॉर्म ३१ भरायचा, वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती जोडायची आणि गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची. त्यानंतर गाडी तुझ्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या दोघांच्या सह्या. "वडिलांनी सह्या करून ठेवलेले कोरे फॉर्म आहेत" असं म्हणाला तर गोड बोलून तिथून ऊठ. मुलगा वाईट असेल असं नाही, बहुतेकांना ही वाट माहीतच नसते. त्याला तूच समजावून सांग. वडिलांची गाडी कुणाच्या तरी हाती नीट चालू राहणार म्हटल्यावर माणूस दोन खेपा घालतो.

गाडी २००१ ची. नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०१६ ला संपली, आणि पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून वाढवायला हवी होती. ती कुणी वाढवली का, ते आरसी बुकात बघ. वाढवली नसेल तर उशिराचा दंड आणि पर्यावरण कर भरावा लागेल, आणि आरटीओचा निरीक्षक गाडी डोळ्यांनी बघेल, चासी नंबरचा पेन्सिलनं ठसा घेईल. तो नंबर तूही आधी ताडून बघ, हँडलखाली चौकटीच्या नळीवर कोरलेला असतो. हा सगळा खर्च किमतीत धरून बोल. आणि नोंदणी, विमा, पीयूसी होईपर्यंत ती रस्त्यावर चालवायची नाही, गल्लीतल्या गल्लीतसुद्धा नाही. न्यायची-आणायची ती छोटा हत्ती टेम्पोत घालून.

आता गाडीविषयी. १९९९ ला सीबीझेड आली तेव्हा आपलं काउंटर सगळं १०० सीसीच्या सामानानं भरलेलं असायचं, आणि गिऱ्हाईक गाडी घेताना पहिला प्रश्न मायलेजचा विचारायचं. त्यात ही १५६.८ सीसीची, रुंद टाकीची, पुढच्या चाकाला २४० मिलिमीटरचा डिस्क ब्रेक असलेली गाडी. कॉलेजातली पोरं ती दुकानासमोर लावून आत यायची आणि ब्रेक पॅड मागायची. तोवर आम्ही मोटरसायकलच्या जुन्या ड्रम ब्रेकचे शू विकत होतो. दोनच वर्षांनी पल्सर आली आणि वेगाच्या गाड्यांचा बाजार उघडला, पण दार सीबीझेडनं ढकललं होतं. तुला ती आवडली याचा मला आनंद आहे, हे एकदा मोकळेपणानं लिहून टाकते.

बरीच वर्षं उभी राहिलेली गाडी घरी आली की जो तो किक मारायला धावतो. तू तसं करू नकोस. तुझे पहिले पैसे आणि पहिला रविवार ब्रेक आणि टायरवर घाल. इंजिन बंद पडलं तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो, ब्रेक लागला नाही तर उभं राहता येत नाही. डिस्कचं ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्या पाण्यानं कॅलिपरचा, म्हणजे डिस्कला पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन आत गंजून अडकतो. लिव्हर दाबून सोडल्यावर पुढचं चाक हातानं मोकळं फिरतं का बघ. काही झालं तरी कॅलिपर आणि लिव्हरजवळचा मास्टर सिलिंडर या दोन्हींची रबर किट नवी, पॅड नवे, ऑइल नवं. नळीला बोटानं वाकवून बघितल्यावर चिरा दिसल्या तर तीही नवी. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३४१२ असेल तर २०१२ सालचा चौतिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असू दे, रबर इतक्या वर्षांत कडक होतं आणि पहिल्या पावसात घसरतं. मागे १००/९०-१८ लागतो, अजून सहज मिळतो. तिसरा नंबर चेनचा. ती ओढून स्प्रॉकेटपासून, म्हणजे दातेरी चाकापासून, सुटून येत असेल तर अख्खा सेट बदल.

टाकी वरून चांगली दिसते म्हणून फसू नकोस. झाकण उघडून बॅटरीचा उजेड आत मार. गंज असेल तर टाकी उतरव, पेट्रोल कॉक काढ, भोक बंद कर, गरम पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून ती काठोकाठ भर आणि रात्रभर ठेव. मूठभर छोटे नट आत टाकून हलवलंस तर चिकटलेला गंजही सुटेल, पण नट मोजून टाक आणि मोजून काढ. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धू, लगेच वाळव आणि वाळताक्षणी आतून ऑइल फिरव, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होते. रंगावर ते पाणी सांडू देऊ नकोस.

कार्बोरेटरवर मात्र वेळ घालव, कारण या गाडीचा सगळा स्वभाव तिथे आहे. यात अॅक्सिलरेटर पंप आहे. मूठ पटकन पिळली की पेट्रोलची एक बारीक चिळकांडी थेट आत सुटते, म्हणूनच ती उसळी घेते आणि म्हणूनच ती पेट्रोल जास्त खाते. त्या पंपाचा पडदा रबराचा. वर्षानुवर्षं कोरडा राहिला की कडक होतो, चिरतो. फ्लोटच्या वाटीत जुनं पेट्रोल आटून डिंकासारखं बसलेलं असेल, पायलट जेट ही पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, तिचं भोक तर केसाएवढं, ते आधी बुजतं. त्यात तार घालून खरवडू नकोस, भोक मोठं झालं की गाडी कधीच जागेवर येत नाही. कार्ब क्लीनरमध्ये भिजव, हवेनं फुंकून काढ, आरपार उजेड दिसला पाहिजे. बसवल्यावर इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरच्या बाजूनं आत डोकावत मूठ पिळ. चिळकांडी दिसली की पंप जिवंत आहे. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं निघालं तर वायरिंगही हातानं चाचपून बघ, त्यांनी ते सोडलेलं नसणार.

आताचं पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. या गाडीची रबरं त्या काळात त्यासाठी बनवलेली नव्हती. म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचे ओ-रिंग, फ्लोट पिन हे सगळं नव्या मालाचं घाल. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करायची सवय लाव.

इंजिन सगळ्यात शेवटी. प्लग काढ, सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोड, रात्रभर राहू दे. सकाळी टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं हळू फिरव. फिरलं तर देवाला हात जोड. नाही फिरलं तर जोर करू नकोस, पुन्हा ऑइल सोडून वाट बघ. अडकलेल्या इंजिनावर किक मारली की रिंगा तुटतात आणि ब्लॉकला ओरखडे पडतात. तसं झालंच तर ब्लॉक मला पाठव. कोल्हापूरला उद्यमनगरात आपल्या ओळखीची लेथ आहे, पाव किंवा अर्धा मिलिमीटर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवता येईल. चाक मोकळं फिरलं तर जुनं ऑइल काढून नवं भर, आणि प्लग न लावताच बऱ्याच किका मार, म्हणजे वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत ऑइल पोचतं. वर्षानुवर्षं कोरडा राहिलेला कॅम पहिल्याच मिनिटात घासला जाऊ नये.

मग प्लग लाव आणि उघड्यावर चालू कर. सुरुवातीला निळा धूर येईल, तो तू ओतलेल्या ऑइलचा, घाबरू नकोस. मूठ पिळून गर्जना ऐकायचा मोह आवर. इंजिन नीट गरम झाल्यावरही धूर थांबला नाही तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. पहिल्या थोड्या किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदल, आतला जुना गाळ त्यात सुटून आलेला असतो.

सामान पुण्यात नाना पेठेत मिळेल, पण हिरो होंडाच्या नावाचं जुनं पाकीट दिसलं म्हणून विश्वास ठेवू नकोस. पाकिटं पुन्हा भरली जातात. क्लच प्लेट, टायमिंग चेन, व्हॉल्व्ह सील माझ्याकडून माग. आणि गॅरेजात बदललेला प्रत्येक जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस. मिस्त्री तुझ्याशी न बोलता तुझ्यासोबत आलेल्या मुलाशी बोलेल, हे मी काउंटरवर इतकी वर्षं उभी राहून सांगते. माझ्यासमोर उभं राहून "साहेब कुठे आहेत" विचारणारे अजूनही येतात. तू चिडू नकोस. जुना पार्ट मागून घे, उजेडात धरून कुठे झिजलाय ते त्याच्याकडूनच समजून घे. दुसऱ्या खेपेला तो तुझ्याशीच बोलायला लागतो.

आणखी एक. गाडी तयार झाली की तू थेट कऱ्हाडला यायला निघशील, मला माहीत आहे. नको. आधी पुण्यातच चालव, रोज थोडी लांब. ब्रेक गरम झाल्यावर कसे लागतात, कुठे थेंब पडतोय, कोणता नट सैल होतोय, हे सगळं घराजवळ कळू दे. खंबाटकीच्या चढावर ट्रकांच्या मागे क्लच धरून ती पहिल्यांदा तापायला नको. हँडलचा कोन सेट, म्हणजे ते वळतं तिथली बेअरिंगं, आणि पुढच्या फोर्कचे ऑइल सील त्या दिवसांत बदलून घे, उभ्या गाडीत तेही मेलेले असतात.

आज रात्री चासी नंबरचा, आरसी बुकाच्या दोन्ही पानांचा आणि कार्बोरेटरवर कोरलेल्या नंबराचा फोटो पाठव. पंपाचा पडदा आणि डिस्कची रबर किट बाबा शनिवारच्या गाडीनं पार्सल करतील.

तुझी
आई