प्रवासी बोटीही जपायला हव्यात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

देवळालीच्या तोफखाना संग्रहालयात जुन्या तोफा निगुतीने ठेवल्या आहेत, याचा नाशिककर म्हणून मला अभिमान आहे. पण सैनिकांना समुद्रापार नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या साध्या प्रवासी बोटी जपाव्यात, असं आपल्याकडे कुणालाच का वाटत नाही?

माझी सारी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, बॉयलरवर झाली. मध्यंतरी लेकीकडे इंग्लंडला गेलो असताना केंट परगण्यातल्या जिलिंगहॅमच्या धक्क्याला ‘मेडवे क्वीन’ ही दोन्ही बाजूंच्या चाकांनी पाणी मागे लोटत चालणारी आगबोट पाहिली. तिचं दोन सिलिंडरचं तिरपं वाफेचं इंजिन बघताना तिथून पाय निघेना.

ही बोट 1924 साली स्कॉटलंडमध्ये ट्रूनला बांधली. काम काय, तर सुट्टीला निघालेल्या लोकांना साउथएंड, हर्न बे अशा समुद्रकाठच्या गावांना पोचवायचं. 1939 मध्ये युद्ध पेटलं तेव्हा तिच्यातून आधी केंटमधली मुलं सुरक्षित जागी हलवली. मग नौदलाने तिला सुरुंग काढण्याच्या कामाला लावलं. 1940 च्या मे अखेरीस फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला दोस्त सैन्याभोवती जर्मनांचा वेढा पडला, तेव्हा या सहलीच्या बोटीने सात फेऱ्या करून सुमारे 7000 सैनिक सोडवून आणले. सोबतची ‘ब्रायटन बेल’ ही बोट बुडू लागली, तर तिच्यावरची माणसंही हिनेच उचलली. त्याच डंकर्कहून आपल्या हिंदी सैन्याच्या खेचर तुकड्यांतले जवानही परतले होते. त्यांची खेचरं मात्र फ्रान्समध्येच राहिली. हे आपल्या शाळेत कुणी शिकवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

1947 मध्ये ती पुन्हा प्रवासी घेऊ लागली आणि 1963 पर्यंत चालली. पुढे क्लब झाली, बुडाली, चिखलात रुतली. 1984 मध्ये तिला तराफ्यावर घालून केंटला परत आणलं. सांगाडा पार कुजलेला. तो ब्रिस्टलमध्ये नव्याने बांधला, तोही वेल्डिंगने नाही, जुन्या पद्धतीने रिवेट, म्हणजे पत्रे जोडणारे जाड खिळे, ठोकून! रिवेट लालभडक तापवायचा, भोकात घालायचा आणि गार व्हायच्या आत दुसऱ्या बाजूने चेपायचा. गार होताना तो आक्रसतो आणि दोन पत्रे घट्ट आवळून धरतो. या कामाला किती जिद्द लागते, हे लोखंडात काम केलेल्यालाच कळेल.

आपल्याकडे काय उरलं? 1947 सालीच, 17 जुलैला ‘रामदास’ ही प्रवासी बोट मुंबईहून रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. तिची निदान आठवण तरी निघते. ज्या बोटी वर्षानुवर्षं कोकणी माणसाला सुखरूप मुंबईला पोचवत राहिल्या, त्यांची तेवढीही नाही. माझी आजी दाभोळहून बोटीनेच मुंबईला येई. पडावातून बोटीवर चढताना पोटात गोळा यायचा, म्हणायची.

खर्चाचा मुद्दा निघेल, ठाऊक आहे. जुन्या ‘विक्रांत’सारखी युद्धनौका 2014 मध्ये मुंबईच्या दारूखान्यात, जहाजं तोडतात त्या भागात, तोडली गेली, तिथे प्रवासी बोटीला कोण विचारणार? म्हणून मी मोठं काही मागत नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचपैकी एखादी सेवेतून निघेल तेव्हा ती भंगारात न देता इंजिनासकट राखावी, एवढीच महाराष्ट्र सागरी मंडळाला विनंती आहे. इंजिन खोलून जोडायला आमच्या सातपूरच्या आयटीआयमधली मुलं नेता येतील. त्यांच्याबरोबर मी येईन, मानधन नको.

आपला,
एक निवृत्त बॉयलर कर्मचारी, नाशिक रोड