अन्न हाताळणीची परीक्षा स्वयंपाकघरातच घ्या

महोदय,

अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र सक्तीचे करावे, ही मागणी वरचेवर होते आणि ती रास्तच आहे. पण अनेक अभ्यासक्रम काही तासांचे व्याख्यान आणि शेवटी पर्यायी उत्तरांची प्रश्नपत्रिका एवढ्यावर उरकतात. आमचा आक्षेप त्याला आहे.

‘५ ते ६० अंश सेल्सिअस हा (जंतू झपाट्याने वाढण्याचा) धोक्याचा पट्टा’ या उत्तरावर बरोबर खूण करणारा कामगार रात्री ४० लिटरचे गरम पातेले झाकून ओट्यावर ठेवतो आणि निर्धास्त घरी जातो. उकळले म्हणजे जंतू मेले, असे त्याचे गणित. ते अर्धेच खरे आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स आणि बॅसिलस सेरियस या जंतूंचे बीजाणू, म्हणजे कवचबंद सुप्त रूपे, उकळीतही तग धरतात. उकळताना द्रवातला प्राणवायू निघून जातो, बाकीचे जंतू मरतात आणि पातेले ४५ अंशांच्या आसपास आले की प्राणवायूविना वाढणाऱ्या परफ्रिंजन्सला रान मोकळे मिळते. अनुकूल स्थितीत त्याची संख्या साधारण १० मिनिटांत दुप्पट होते. पातेले तसेच फ्रीजमध्ये सरकवूनही भागत नाही. मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो आणि शेजारचे थंड पदार्थही तापू लागतात.

म्हणून ही कृती प्रत्येकाकडून करूनच घ्यावी. पदार्थ पसरट ट्रेमध्ये ५ सेंटिमीटरपेक्षा कमी थरात ओतायचा, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवायचा, स्वच्छ डावाने ढवळत राहायचे आणि थंड होईपर्यंत घट्ट झाकायचे नाही. ६० वरून २१ अंशांवर २ तासांत, तिथून ५ अंशांवर पुढच्या ४ तासांत यायला हवे. तापमान मोजायचे ते थराच्या मध्यभागी, कडेला नव्हे. वेळ चुकली तर ‘सकाळी चांगले उकळून घेऊ’ ही पळवाट चालत नाही, कारण हाताळताना माणसाकडून अन्नात शिरणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूने तयार केलेले विष उकळूनही नष्ट होत नाही.

तापमापक तरी बरोबर दाखवतो का? भांडेभर बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून ढवळावे, दांडी तळाला न टेकवता मधोमध धरावी, आकडा स्थिरावू द्यावा. ० अंश आले नाही, तर दुरुस्त करावा किंवा बदलावा. एवढी साधी तपासणी प्रश्नपत्रिकेतून शिकता येत नाही.

निर्जंतुकीकरणाचेही तसेच. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचे जंतुनाशक द्रावण) १० लिटर पाण्यात २० मिलिलिटर घातले की सुमारे १०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १०० भाग, क्लोरीन मिळते. पण भांड्याला खरकटे किंवा तेलकटपणा राहिला असेल, तर क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडते. आधी साबणाने धुणे, मग खळबळणे, मग हे द्रावण. हा क्रम मोडता कामा नये.

मालकांनाही याच वर्गात बसवावे. जुलाब-उलट्या थांबल्यावर ४८ तास त्या माणसाला अन्नापासून दूर ठेवायचे, हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. पण त्या दिवसांची मजुरी कापली जाणार असेल, तर तो आजार सांगेल कशाला? आजारपणाची भरपगारी रजा मिळाल्याशिवाय हा नियम कागदावरच राहील.

लेखी गुण कितीही असोत, परीक्षकासमोर तापमापक तपासून आणि गरम पदार्थ वेळेत थंड करून दाखवल्याखेरीज कोणालाही प्रमाणपत्र देऊ नये.

– अन्नसुरक्षा प्रशिक्षक