सुई आणि डमरू

लश्कर, ग्वाल्हेर
रविवार, दुपार

प्रिय सुमे,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, हवी तेवढी रागव. गुडघा तसाच आहे, बीपी गोळीवर आहे. ते सोड.

1999 सालचं आपलं शिवपुरीवरचं भांडण आठवतं? सुगत मित्रा या संगणकतज्ज्ञाने, पोरं आपली आपण शिकतात का ते बघायला, दिल्लीत कालकाजीच्या भिंतीत कॉम्प्युटर बसवला आणि मग आपल्या शिवपुरीतही. तू म्हणालीस, बसने जाऊन बघून येऊ. मी म्हणाले, बाईंशिवाय पोरं खेळतील, शिकतील काय! आठवडाभर तू अबोला धरलास आणि माझा लोणच्याचा डबा परत केलास, तोही रिकामा!

आता ऐक. आमच्या कामवालीची पिंकी, दहा वर्षांची. आई भांडी घासते तोवर बसावी म्हणून नातवाचा जुना टॅब दिला. माइकचं चिन्ह तिचं तिनेच शोधलं, हिंदीतून विचारायला लागली. परवा पाहते तर भावाला पुढ्यात घेऊन बसलेली. पोळीचे सहा तुकडे केले, तीन इकडे, दोन तिकडे. "आधी और तिहाई मिलाके पाँच टुकड़े। एक बचा, वो तेरा।"

एकतीस वर्षं मी अपूर्णांक शिकवले गं! माझ्याने राहवलं नाही. पेन्सिल हातात घेतली, "लघुत्तम निकालो, कॉपी में लिखो।" फिरत्या गोलाला ती चकरी म्हणते, तेही सुधारलं, "लोडिंग बोलो।" चार दिवस झाले, टॅबला हात नाही. "मन नहीं है, दादी."

तू दिलेला सुगत मित्रांचा लेख काल काढला. मुलांनी पडद्यावरच्या बाणाला, कर्सरला, 'सुई' म्हटलं, थांबायच्या वाळूच्या घड्याळाला 'डमरू'. कुणी सुधारलं नाही त्यांना. आणि कलिकुप्पम गावची ती तमिळ मुलं! इंग्रजीतून डीएनए, कुणी न शिकवता चाचणीत 30 टक्के. मग विषयातलं काही न येणारी एक ताई मागे उभी राहून नुसती कौतुक करत राहिली, तर 50.

पण सुमे, ते कॉम्प्युटर उघड्यावर होते, पोरांच्या घोळक्यात. हा टॅब एकटीच्या हातात, आणि बोट जरा सरकलं की रील्स. अगदी सोडून देणंही मला जमणार नाही. मग करू काय?

तुझ्या मोतीबिंदूचं काय ठरलं? जावई आले का? कळव.

उद्या टॅब पडवीत ठेवते, शेजारची पोरंही बोलावते. मी लांब शेंगा सोलत बसेन. तू असतीस तर माझे हात धरून ठेवले असतेस.

तुझी,
कुंदा