शिडी दादाकडे आहे

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, पडवीत शिडी शोधू नका. दादा गेल्या रविवारी गाडीच्या टपावर बांधून घेऊन गेला. रंगकामाला हवी, असं तो तुम्हाला म्हणाला. ते खोटं नाही, त्याची खोली रंगवायची आहेच. पण शिडी तुमच्यापासून लांब ठेवायची, हे आमचं त्याआधीच ठरलं होतं, आणि ठरवलं मी. रागवायचं तर माझ्यावर रागवा, त्याला फोनवर काही ऐकवू नका. तो आधीच तुम्हाला घाबरतो.

जांभळाची ती फांदी काढायला हवी, यावर माझा वादच नाही. ती पत्र्यावर टेकायला आली आहे, वारा सुटला की रात्रभर करकरते, आईची झोप मोडते. शिवाय जांभळाचं लाकूड ठिसूळ, वादळात ती आपणहून कोसळली तर पत्रा जाईल. फक्त ती तुम्ही काढायची नाही. येत्या आठवड्यात दोघं जण येतील, झाडावर चढून काम करणारे. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, सगळं सामान त्यांचंच आहे. बोलणं झालंय, पैसेही देऊन झालेत, तेव्हा 'कशाला खर्च' हा मुद्दा निकालात निघाला.

तुम्ही म्हणाल, जेमतेम १५ फूट उंची, जन्मभर चढत आलो. मान्य. तुमच्याइतकी सफाईदार करवत चालवणारा माणूस मी पाहिलेला नाही. पण शिडी भिंतीला लावणं वेगळं आणि फांदीला लावणं वेगळं. भिंत जागची हलत नाही. फांदी मात्र स्वतःच्या पाल्याच्या ओझ्यानं वाकलेली असते. टोकाकडचा भाग कापून पडला की ओझं जातं आणि राहिलेला भाग झटक्यात वर उचलला जातो. शिडी त्यालाच टेकलेली असली तर टेकूच निघून जातो. वीतभर उचलला तरी पुरे. पाय घट्ट, करवत नीट हातात, आणि तरी शिडी पुढे कलंडते. यात चढणाऱ्याच्या कौशल्याचा काही संबंधच उरत नाही, म्हणून तर एवढं लिहितेय.

शिवाय अर्धवट कापलेली फांदी सरळ खाली येत नाही. शेवटची साल तुटेपर्यंत ती लोंबकळते, झोका घेते, आणि तिचं जाड बुड नेमकं बुंध्याकडे येतं. म्हणजे शिडीकडे. करवतीला एक हात, फांदी आवरायला दुसरा, मग शिडी कशानं धरायची? आणि कुणाकडून इंजिनाची करवत मागून आणायचा विचार मनात असेल तर तो आत्ताच काढून टाका. शिडीवर उभं राहून ती चालवायची नसते. तिचं टोक लाकडात अडकलं की उसळून तोंडाकडे येते.

तारेचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्या फांदीच्या पलीकडून विजेची तार जाते आणि आपली शिडी ॲल्युमिनियमची. तारेपासून निदान १० फूट लांब राहायचं असतं, आणि तिथे एवढी जागाच नाही. ओला बांबू किंवा ओली फांदी तारेला लागली तरी वीज खाली येते. त्या दिवशी तार बंद ठेवण्यासाठी मी वीज कार्यालयाशी बोलले आहे. ती बंद झाल्याशिवाय काम सुरू होणार नाही.

आता जरा नाजूक गोष्ट. मान वर करून बघत राहिलं की तुम्हाला गरगरतं, हे मला कळलंय. (आई, तुझं नाव घ्यायचं नव्हतं, पण दुसरं कोण सांगणार?) प्रेशरच्या गोळीनं असं होऊ शकतं, त्यात कमीपणा काही नाही. पण रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाल्यापासून डोक्याला लागलेला मार साधा राहत नाही. बाहेर खोक दिसत नाही आणि आत रक्त साकळत जातं. अप्पांच्या वेळचं मी पुन्हा काढत नाही. तुम्हा दोघांनाही ते आठवत असणारच.

झाड तोडताहेत असं मनात आणू नका. झोपाळ्याची फांदी राहणार आहे, मी फोटोवर खूण करून दिली आहे. दुपारची ओसरीवरची सावली आहे तशीच राहील. उलट पत्र्याकडचा अंधार गेला की बाबांना खिडकीत बसून पेपर वाचता येईल, दिवा लावावा लागणार नाही. एका वेळी झाडाचा पाव हिस्सा पाल्याहून जास्त काढायचा नाही, असंही त्यांना सांगितलंय. ते बेचकं तर कुणी हातही लावणार नाही. तुम्ही मला त्यात बसवून खाली हात पसरून उभे राहायचात आणि म्हणायचात, "मार उडी, मी आहे." मी डोळे मिटून मारायचे. आता तुम्ही वर चढलात तर खाली हात पसरून उभं राहायला मी तिथे नसते बाबा. आई असते, आणि तिला तुम्ही पेलणार नाही.

तुम्ही देखरेख करणारच, म्हणून सांगून ठेवते. आधी बुंध्यापासून हातभर अंतरावर फांदीला खालून खाच पाडायची, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. मग तिथून थोडं टोकाकडे सरकून वरून कापायचं. असं केलं की फांदी पडताना साल बुंध्यापर्यंत सोलवटत जात नाही. राहिलेला खुंट सगळ्यात शेवटी. बुडाशी फुगीर कडं असतं ना, त्याच्या लगेच बाहेरून कापायचा. कडं शाबूत राहिलं तर झाड जखम भरून काढतं. वर डांबर किंवा रंग फासायला लावू नका, त्यानं फायदा होत नाही. पत्र्यावरचा भाग ते दोरानं बांधून सावकाश उतरवणार आहेत. तोवर तुम्ही ओसरीवर खुर्चीत. फांदीच्या लांबीच्या दुप्पट अंतरात कुणी यायचं नाही, तुम्हीसुद्धा. आई, वाळत घातलेले कपडे आदल्या संध्याकाळीच काढ आणि अंगणातल्या कुंड्या त्या दोघांनाच हलवायला सांग. तू वाकू नकोस.

खालच्या बारीक फांद्या तुमच्या. त्यासाठी लांब दांड्याची करवत पाठवते आहे, ती जमिनीवर उभं राहून वापरायची. फांदीच्या बरोबर खाली उभं न राहता बाजूला सरकून दांडा तिरपा धरायचा, म्हणजे कापलेलं अंगावर येत नाही. डोळ्यांना गॉगल, डोक्याला हेल्मेट, आणि तारेच्या बाजूला अजिबात जायचं नाही. पाऊस पडून गेला असेल त्या दिवशी तर करवत खाली उतरवायचीच नाही.

शेजारून शिडी मागू नका, त्यांना मी सांगून ठेवलंय. बल्ब गेला तर समोरच्या मुलाला हाक मारा. टाकी बघायला दादा शिडी घेऊन येईल तेव्हा आई, तू लक्ष ठेव. शिडी जेवढी उंच टेकेल त्याच्या पाव हिस्सा तिचे पाय भिंतीपासून लांब हवेत, आणि वरचं टोक टाकीच्या कठड्याच्या ३ फूट वर निघायला हवं. तो घाई करतो, कुणावर गेलाय ते सांगायला नको.

ते दोघं आले की मला फोन करा. आणि त्यांच्यातला कुणी पट्टा न लावता वर जाऊ लागला तर बाबा, काम तिथल्या तिथे थांबवा. तेव्हा हवा तेवढा आवाज चढवा, मी काही म्हणणार नाही.

तुमची,
छकुली